तरतुदीपलीकडचा भरवसा

देव पुरवतो, असं भरल्या कणगीशेजारी बसून कुणीही म्हणेल. त्या श्रद्धेची पारख दुष्काळातच करावी लागते, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतकं अवघड उदाहरण मराठी मुलखात मला दुसरं दिसत नाही. अवघड अशासाठी, की त्यात श्रद्धेच्या विरुद्धचा पुरावा आधीच येऊन बसला आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हातचं संपत चाललं, तरी दानं आणि अनुष्ठानं चालूच राहिली. देव आपल्याला उघड्यावर टाकणार नाही, ही खात्री होती. मजुरी करावी, हे शास्त्र्याच्या घरात सुचणंही कठीण. आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. ज्या मुलीने हे डोळ्यांदेखत पाहिलं तिने पुढे ईश्वराच्या पुरवण्यावर पुन्हा भरवसा ठेवला, तो भाबडेपणाने ठेवला असं म्हणता येत नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. देव बदलला आणि पुरवठा सुरू झाला, असं गणित काही भाविक मांडतील. मला ते पटत नाही. दुष्काळाने कुणाचा धर्म पाहून घर सोडलेलं नाही. बदल झाला तो भरवशाच्या रीतीत. आई-वडिलांच्या श्रद्धेत माणसाने विधी पुरे करायचे आणि फळाची वाट पाहायची, असा करार होता. रमाबाईंचं केडगावचं वागणं पाहा. १८८९ साली मुंबईत त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, निघाली ती अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या वचनावर. ती मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, म्हणजे पुढे संस्थेचा खर्च बागेतून निघावा. हा चोख व्यवहार झाला. त्यात प्रार्थना होती, पण प्रार्थनेच्या जोडीला पाणी, माती आणि हिशेबाची वहीही होती. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही थट्टा इथे लागू पडत नाही.

पण भरवसा खरा सुरू होतो तो हिशेब मोडतो तिथे. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणि बायका पुण्याला आणल्या. त्यांच्यासाठी आधी तरतूद केलेली नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर हलवावं लागलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या संस्थेत, ‘मुक्ती’त, माणसं जवळपास २,००० झाली. बागेकडे पाहून कुणीही शहाण्या माणसाने फाटक लावलं असतं. आधी साठा, मग माणूस, हा जगाचा क्रम आहे आणि तो चुकीचाही नाही. रमाबाईंनी तो उलटा केला. ईश्वर पुरवेल या विश्वासाचा मला कळणारा अर्थ एवढाच आहे: उद्याच्या भीतीपोटी आज दारातल्या माणसाला परत पाठवायचं नाही. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात रानातला मान्ना रोजच्यापुरताच गोळा करायचा असतो, जास्तीचा ठेवला तर त्यात किडे पडतात. त्या कथेचा रोखही साठवणाऱ्या हाताकडेच आहे.

यावर कुणी म्हणेल, अन्न देवाने कुठे दिलं, देणगीदारांनी दिलं. खरं आहे. रमाबाई परदेशी मित्रांना पत्रं लिहीत, संस्थेची पत्रिका छापून पाठवत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. देव माणसांच्या हातून देतो असं मानणाऱ्याला पोस्टाचं तिकीट लावताना संकोच का वाटावा? दुसरा आक्षेप मात्र इतका सहज बाजूला सारता येत नाही. ‘मुक्ती’ टिकली म्हणून तिची गोष्ट उरली. ज्या लाखो लोकांनी तितक्याच कळकळीने हात जोडले आणि जे रस्त्याकडेला मेले, त्यांची साक्ष कोण नोंदवणार? यापुढे पुरवठ्याचा पुरावा म्हणून केडगाव मांडणं मला निर्दय वाटतं. वाचलेल्यांची मोजदाद करून देवाचा विश्वासूपणा सिद्ध होत नाही, आणि रमाबाईंचं आपलं घरच न वाचलेल्यांत होतं. केडगाव सिद्ध करतं ते एवढंच, की असा भरवसा माणसाला हात आखडू देत नाही. तो देव खरा आहे का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. श्रद्धावंताने तो उघडाच ठेवून चालावं.

उरतो तिसरा संशय: देव पुरवतो म्हणणारी माणसं सरकारला मोकळं सोडतात. हे पुष्कळदा घडतं, अगदी प्रामाणिक भाविकांकडूनही. वसाहतीच्या काळातले दुष्काळ केवळ पावसाने पडले नव्हते. १८७६-७८मध्ये इथली माणसं उपाशी असताना धान्य जहाजांतून बाहेर जात होतं. त्या मरणांना ईश्वरेच्छा म्हणणं राज्यकर्त्यांना फार सोयीचं होतं. रमाबाईंनी ती सोय त्यांना दिली नाही. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून अधिकाऱ्यांना जाब विचारला. हे त्याच वर्षी, जेव्हा केडगावातल्या शेकडो पानांवर रोज काय वाढायचं हा प्रश्न होता आणि सरकारची खप्पामर्जी परवडण्याजोगी नव्हती.