पाझरणारे मडके

टोमॅटो हा मराठी वाङ्मयात फार उशिरा आलेला पाहुणा होय. आमच्या धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अरणला, सावता माळ्याने आपल्या वाफ्यातल्या भाज्यांमध्ये विठ्ठल पाहिला तो तेराव्या शतकात. त्या भाज्यांत टोमॅटो असणे शक्यच नव्हते, मिरचीही नव्हती. दोन्ही अमेरिका खंडातून जगभर पसरली ती १४९२ नंतर. पुढे आल्यावरही मराठीने त्याला चटकन नाव दिले नाही. 'बेलवांगी' असा एक गोड शब्द मध्यंतरी रूढ होऊ पाहत होता. वांग्याशी असलेले नाते त्यात ओळखले होते आणि ते शास्त्रालाही धरून होते, कारण लिनियसने १७५३ साली वांगे आणि टोमॅटो एकाच प्रजातीत घातले होते. तो शब्द टिकला नाही. आमच्याकडे आता सर्रास 'टमाटे' म्हणतात. असो.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने अंगणात टोमॅटो लावला की त्याचे रूपक होण्यास वेळ लागत नाही. रोप म्हणजे प्रतिभा, खत म्हणजे वाचन, आणि कीड म्हणजे अर्थातच समीक्षक! आम्ही मात्र या रूपकांना काही काळ कुंपणाबाहेर ठेवू इच्छितो, कारण या जिल्ह्यात टोमॅटोचे रोप निरोगी ठेवणे हा प्रथम पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्याचा प्रश्न येथे कोणालाही रूपक वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आमच्याही अंगणाने पाहिला आहे. त्या वर्षी आमच्या दारात तुळशीखेरीज दुसरे हिरवे पान नव्हते.

बाकीची कृती तशी अवघड नाही. बी भाद्रपदात टाकावे, चार आठवड्यांचे रोप आश्विनात लावावे, म्हणजे फुले थंडीत येतात. आमच्या वैशाखाच्या उन्हात रोप एक वेळ जगते, पण फुले गळून पडतात. लावताना खालची पाने खुडून रोप खोडासकट खोल पुरावे. टोमॅटोच्या मातीत गेलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. वांग्याच्या या भावंडाची ही एक खासियत. आधाराला काठी, बगलफुटी वेळेवर खुडणे, पाने कोरडी ठेवून बुडाशीच पाणी देणे, आणि पाने आकसून झाड खुरटू लागले की ते मायेने न ठेवता उपटून टाकणे, कारण तो विषाणू पांढरी माशी शेजारच्या झाडावर नेते. वाणांविषयी आमचा आग्रह नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' हे वाण आम्हांस आवडतात, पैकी निम्मे कारण त्यांची नावे जुन्या मासिकांतल्या कथानायिकांसारखी आहेत हे होय.

खरी गोष्ट पुढे आहे. झाडे जोमदार, पाने गर्द, फळे लिंबाएवढी झालेली, आणि एके सकाळी फळाच्या बुडाशी काळसर, चामड्यासारखा, खोलगट डाग दिसतो. आठवड्यात निम्मी फळे तशीच. औषधांच्या एका दुकानात आम्हांस हा बुरशीचा रोग म्हणून सांगण्यात आले आणि दोन बाटल्या पुढे करण्यात आल्या. तो रोग नव्हताच. फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडले की त्याच्या देठापासून सर्वांत दूरच्या पेशी कोसळतात आणि हा डाग पडतो.

आता गंमत अशी की आमच्या मातीत चुन्याला तोटा नाही. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे पायांखाली येतात, आणि घरातल्या पातेल्यांच्या तळाला पाण्याने धरलेली पांढरी पुटे आमची आई दर महिन्याला खरवडते. मग फळ उपाशी का? कारण चुना झाडात आपल्या पायांनी चालत नाही. तो पाण्याबरोबर वर चढतो. पाने भराभर पाणी वाफेने सोडतात म्हणून बहुतेक प्रवाह पानांकडे जातो. फळ फारच थोडे पाणी सोडते, त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. आणि पानात एकदा बसलेला चुना तिथून फळाकडे परत जात नाही, त्यामुळे पानांवर फवारूनही उपयोग होत नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी मातीचा चिखल, पाचव्या दिवशी तिला भेगा. फळाचा घास नेमका त्या भेगांच्या दिवसांत चुकतो. एकूण पाणी पुरेसे पडले तरी ते सलग पोचत नाही.

रोज थोडे द्यावे हे कळत होते. पण रोज साठवणीतले पाणी काढायचे म्हणजे आईच्या रांजणाला हात लावणे आले. "झाडाला पाणी नको म्हणत नाही रे मी," ती म्हणाली, "पण आधी माणसाचं, मग जनावराचं, मग उरलं तर तुझ्या टमाट्याचं." १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बाईशी या क्रमावर वाद घालण्याची आमची प्राज्ञा नव्हती, आणि इच्छाही नव्हती. तो क्रम बरोबरच होता. प्रश्न एवढाच उरला की तांदूळ आणि भाजी धुतल्याचे चार-पाच लिटर पाणी, जे तिच्या हिशेबातही 'उरलेले' होते, ते चार दिवस कसे पुरवावे.

उत्तर मडक्यात सापडले. बिनरंगाचे, भाजलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, भोवती वीतभर अंतरावर रोपे लावायची, मडके भरून तोंडावर झाकण ठेवायचे. माती कोरडी पडली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, भिजली की ओढ मंदावते. झाडाला हवे तेव्हा हवे तेवढे, आणि वाफेने उडणे नाममात्र. युक्ती आमची नव्हे. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंग-चिह याच्या शेतीवरील ग्रंथात अशी मडकी पुरून भोवती खरबुजे लावण्याची रीत नोंदवलेली आहे. वरून उसाचे पाचट अंथरले की काम पुरे झाले.

मडके आणायला गेलो तेव्हा कुंभारमामा हसले. "सर, झिरपतंय म्हणून लोक माठ परत आणून देतेत. तुमाला झिरपणारंच पायजे व्हय?" मग त्यांनी एकेक मडके उचलून बोटाच्या पेराने वाजवले आणि आवाज ऐकून दोन बाजूला काढली. कच्चे दिले असते तर मातीत विरघळले असते; झिलई दिलेले असते तर थेंबही सुटला नसता.

वाचकहो, येथे आम्हांस कुंपणाचे फाटक थोडे उघडावे लागते. गोरोबाकाकांचे तेर आमच्याच तालुक्यात, तेरणेच्या काठी. २०२० च्या जानेवारीत ९३ वे साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव होते. संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोण कच्चे, कोण पक्के हे त्यांनी पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका आपण वर्गात परीक्षेची गोष्ट म्हणून शिकवतो. पण कुंभारमामांच्या हातात थापटणे नव्हते. भाजलेले मडके ते पेराने पारखत होते. थापटणे हे ओलसर मडक्याला ठोकून आकार देण्याचे हत्यार. म्हणजे गोष्टीतले काका पारखत होते त्याच हत्याराने घडवतही होते, आणि नामदेव चिडून उठले ते घडणीच्या मधूनच. विसोबा खेचरांकडे जाणे हा त्याच घडणीचा पुढचा भाग मानावा लागेल. ज्याने गोष्ट पहिल्यांदा रचली त्याला कुंभारकाम ठाऊक असणार, असे आम्हांस वाटते. आणि 'पक्के' म्हणजे ज्यातून काही सुटत नाही असे, हा आमचा नेहमीचा अर्थही त्या अंगणात पटेनासा झाला.

त्या पौषात काळ्या बुडाची फळे मोजकीच निघाली. मडके रोज संध्याकाळी आईच भरू लागली, आणि झाकण उघडून पाणी किती उतरले ते आम्हांस सांगू लागली. फाल्गुनात झाडे वाळल्यावर मडके उकरून काढले तर त्याला पांढऱ्या मुळांची जाळी इतकी घट्ट बसलेली की सुरीने सोडवावी लागली. तिसऱ्या हंगामात पाणी उतरेनासे झाले. आमच्या जड पाण्यातल्या चुन्याने मडक्याची छिद्रे बुजवली होती. आम्ही ते फोडून टाकण्यास निघालो. आईने हातातून घेतले, उलटे करून वाजवले आणि म्हणाली, "असू दे. गळत नाही आता. धुऊन त्यात हरभऱ्याचं बी ठेवीन."