उणे पाच व्होल्ट

इंदूरच्या घराचा माळा आवरताना बाबांचा झेडएक्स स्पेक्ट्रम सापडला, १९८२ चं मॉडेल. "चुकीचा अडॅप्टर लावून मीच मारला त्याला," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आत्यानं लंडनहून आणलेली वस्तू, त्यामुळे आजीची बोलणीही बसलेली.

टीव्हीला जोडला. दर आठ ठिपक्यांमागे एक बारीक उभी रेघ, बाकी काही नाही. चिप बदलण्याआधी मीटर लावला, कारण ४११६ चिपला तीन व्होल्टेज लागतात: अधिक बारा, अधिक पाच, उणे पाच. उणे पाच गेलं की नवी चिपही जळते. तिन्ही ठीक होती! अडॅप्टरनं घात केला असता, तर बहुधा अधिक बारा आणि उणे पाच बनवणारा ट्रान्झिस्टर आधी गेला असता.

अशा आठ चिपा, प्रत्येकीकडे बाइटचा एकच बिट. म्हणजे रेघ एक, तर दोषी एक. संशयितेच्या पाठीवर चांगली चिप दाबून धरली आणि पडद्यावर १९८२ ची ओळ आली.

"बाबा, अडॅप्टरचा संबंध नव्हता. एक चिप आपसूक गेली होती."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "पी दाब. अख्खं प्रिंट उमटतं."

उमटलं नाही. कीबोर्डची पट्टी कडक होऊन तुटली होती.

"नवी मिळते?"

मागवली आहे. रोज विचारतात.