पाण्याचा पाइप वेगळा, हवेचा वेगळा

प्रवाळांची टाकी उभी करायची ठरली की चर्चा दिव्यांची, स्किमरची आणि मिठाची होते. टाकीतून खालच्या सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या पाइपाचा विचार शेवटी, घाईत उरकला जातो. मला हा क्रम उलटा वाटतो. दिवा बदलता येतो, स्किमर बदलता येतो. काचेला पाडलेलं भोक टाकी भरल्यावर बदलता येत नाही. शिवाय पाइप निवडताना तो ताशी किती लिटर नेतो एवढंच विचारलं जातं. तो बंद पडला तर पाणी कुठे जाईल, हे खरं तर आधी विचारायला हवं. मी स्वतः या प्रश्नाचं एकच उत्तर धरून चालतो: पाण्याला आणि हवेला एकाच पाइपात कोंबायचं नाही आणि किमान एक पाइप कायम कोरडा ठेवायचा.

तयार टाक्यांमध्ये बहुतेक वेळा एकच निचरा असतो, डर्सो पद्धतीचा. उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी, तिला खाली तोंड केलेला एल्बो, वर टोपी आणि टोपीला हवेसाठी बारीक छिद्र. पाणी पाइपाच्या भिंतीला धरून उतरतं आणि मधून हवा जाते. प्रवाह कमी असेल तोवर हे छान चालतं. तो वाढला की पाणी मधली पोकळी भरून काढतं, हवा अडकते, सुटते, पुन्हा अडकते. उपड्या बाटलीतून पाणी गटागटा पडावं तसा आवाज सुरू होतो. छिद्र लहानमोठं करून तो कमी करता येतो, पण कारण जागच्या जागी राहतं. हवेबरोबर उतरलेले बुडबुडे सम्पमध्ये फुटतात, त्यांचे शिंतोडे कडांवर वाळून मिठाचे थर चढतात आणि बारीक बुडबुडे पंपातून परत टाकीत येतात.

तोच १ इंची पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफन म्हणून चालवला तर चित्र पालटतं. टाकीच्या आणि सम्पच्या पातळीत ७५ सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर घर्षण आणि एल्बोंचा तोटा वजा करूनही तो ताशी ३००० लिटरांहून अधिक पाणी नेतो. डर्सो म्हणून त्याच पाइपाला शांतपणे जेमतेम याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी झेपतं. हर्बी पद्धतीत हाच फायदा घेतला आहे. एका पाइपाला खाली व्हॉल्व्ह लावायचा आणि तो इतका दाबायचा की पाइपाचं तोंड सतत पाण्याखाली राहील. दुसरा पाइप काही सेंटिमीटर उंच, कोरडा आणि बिनव्हॉल्व्हचा. हवा आत शिरतच नाही, म्हणून आवाजही नाही.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा की सायफन फार नाजूक असतो. पंपात चुना साचला, प्रवाह थोडा घटला, की जुळवलेला व्हॉल्व्ह चुकीचा ठरतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच नव्याने भोकं पाडायची असतील तर मी तीन पाइपांची, बीनॲनिमल म्हणून ओळखली जाणारी रचना सुचवतो. तिच्यात सायफनला पंपापेक्षा किंचित कमी पाणी घेऊ द्यायचं. उरलेली बारीक धार दुसऱ्या, हवा खेळत्या पाइपातून उतरते आणि प्रवाहातला चढउतार ही धारच जाड-बारीक होऊन सांभाळते. या पाइपाच्या माथ्यावर हवेची एक बारीक नळी असते, तिचं तोंड पाण्याच्या जरा वर. सायफनमध्ये गोगलगाय अडकली की पातळी चढते, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि दुसरा पाइप आपोआप सायफन बनतो. तोही तुंबला तर तिसरा कोरडा पाइप आहेच. विजेवर चालणारा एकही सेन्सर यात लागत नाही.

तीन भोकांनी काच कमजोर होते, असंही म्हणतात. भोकं कडांपासून आणि एकमेकांपासून पुरेशी लांब पाडली आणि काच टफन केलेली नसली, तर ही भीती अवाजवी आहे. टफन केलेल्या काचेला भोक पाडायला जाऊच नये, ती फुटते. तयार टाकीला दोनच भोकं असतील तर परतीच्या पाण्याचं भोक कोरड्या पाइपाला द्यावं आणि परतीचा पाइप काठावरून आत घ्यावा. दिसायला जरा ओबडधोबड, पण ही तडजोड मला पूर्णपणे योग्य वाटते.

एक युक्तिवाद मात्र वरकरणी बिनतोड आहे. पंपाच्या कप्प्यात १५ लिटर पाणी असेल आणि १२० बाय ५० सेंटिमीटरच्या टाकीत वर अडीच सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर निचरा पूर्ण तुंबला तरी ते १५ लिटर वर मावतात. मग दुसरा पाइप कशाला? हिशोब बरोबर आहे आणि ती मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. पण त्या क्षणी पंप कोरडा फिरू लागतो, आणि बाष्पीभवन भरून काढणारा फ्लोट कप्पा रिकामा पाहून आरओचं गोडं पाणी सोडत राहतो. ते पाणीही पंप वर नेतो. टाकी वाहते, क्षारता उतरते, आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर खालच्यांचं छतही ओलं होतं.

वीज जाणं आपल्याकडे नेहमीचं, म्हणून उलट बाजूही तपासावी. पंप थांबला की याच टाकीतली पातळी २ सेंटिमीटर उतरली तरी १२ लिटर खाली येतात, वर पाइपांतलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. परतीच्या पाइपाचं तोंड जितकं खोल तितकं जास्त पाणी उतरतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नये, कारण चुन्याचा एक खडा त्याला उघडा ठेवायला पुरतो. वीज परत आल्यावर सायफनला आतली हवा बाहेर ढकलता आली पाहिजे, म्हणून त्याचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात २-३ सेंटिमीटरच बुडवावं.

ओव्हरफ्लोची कड शक्य तितकी लांब घ्यावी. ताशी १५०० लिटर पाणी ४० सेंटिमीटरच्या कडेवरून साधारण ७ मिलिमीटर जाडीने वाहतं, १२० सेंटिमीटरच्या कडेवरून साडेतीनच्या आत. पृष्ठभागावरचा तेलकट थर या पातळ पाण्याबरोबर जास्त चांगला निघतो.

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: टँक निपल, युनियन, सॉल्व्हंट सिमेंट, पीव्हीसी पाइप. बारीक जुळवणीसाठी बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह कितीतरी बरा. दुकानदार मात्र गेट व्हॉल्व्ह म्हटल्यावर पितळी किंवा गनमेटलचा पुढे करतो. तो घेऊ नये. त्यातलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना मारक ठरतं. प्लॅस्टिकचा मागवावा, मिळेपर्यंत बॉल व्हॉल्व्हवर भागवावं. जोडणी झाल्यावर, प्रवाळ आणण्याआधी, पंप चालू ठेवून सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि पातळी स्थिरावेपर्यंत समोर उभं राहावं. मग दुसरा पाइपही हाताने बुजवून कोरडा पाइप एकटा सगळं पाणी नेतो का ते पाहावं. नेत नसेल, तर पंप लहान करावा किंवा तो पाइप मोठा.