जीव घाबरा होतो तेव्हा

भीतीच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी सधन आहे. पोटात गोळा येतो, काळजाचे पाणी होते, बोबडी वळते, दातखिळी बसते. कोणी धसका घेतो, तर कोणी हाय खातो. गेली वीस वर्षे ही सगळी पलटण मी वर्गातल्या फळ्यावर उभी करीत आलो आहे. मात्र या सर्व वाक्प्रचारांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. घाबरणाऱ्यासमोर काहीतरी असते. साप असतो, सावकार असतो, निदान मध्यरात्री वाजलेला फोन तरी असतो. समोर काहीच नसताना हे सगळे एकदम अंगात शिरले, तर त्याला म्हणावे काय?

हा प्रश्न मला पडला तो 2019 च्या श्रावणात, सकाळच्या जलद लोकलमध्ये. ठाण्याहून निघालो होतो. खिडकीजवळची जागा मिळाली होती, म्हणजे मुंबईकराच्या हिशेबाने तक्रारीला जागाच नव्हती. विक्रोळी मागे पडले आणि अचानक छाती धडधडू लागली. घशात बोळा बसला, तळहात घामाने चिंब झाले, बोटांना मुंग्या आल्या. सर्वांत विचित्र म्हणजे डब्यातली माणसे आणि त्यांचे आवाज काचेपलीकडून येत आहेत असे वाटू लागले. मनात एकच वाक्य स्वच्छ उमटले होते, की आपण आता मरतो आहोत. शेजारच्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहून पाण्याची बाटली पुढे केली आणि घाटकोपरला हाताला धरून उतरवले.

इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सर्व काही ठीक! तेथल्या तरुण डॉक्टरांनी "सर, टेन्शन घेऊ नका" असे सांगून मला घरी पाठवले. तपासणी आवश्यकच होती. छातीत दुखले की आधी हृदय तपासून घ्यावे, यात वाद नाही. पण हा सल्ला म्हणजे बुडणाऱ्याला 'भिजू नका' म्हणण्यापैकी होता.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी चार झटके आले. जलद गाडी सुटली, कारण ती मध्ये थांबत नाही. मग धीमीही सुटली. मग नाट्यगृह, लग्नाचे कार्यालय, शेवटी भरलेला वर्गसुद्धा नकोसा होऊ लागला. राजीनाम्याचा अर्ज मी मनातल्या मनात लिहून ठेवला होता. त्याचे शुद्धलेखनही तपासून झाले होते. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आमच्या सौभाग्यवतींनी दृष्ट काढू दिली आणि त्याच संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वर्तुळ काढले. संकट आले की शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. पळण्याची ही तयारी. पण पळायचे नसताना श्वास असा जलद चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनाच माणूस मरणाची चाहूल समजतो, आणखी घाबरतो, आणि वर्तुळ पुन्हा फिरते. 1986 साली डेव्हिड क्लार्क या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने हे चक्र नीट मांडून दाखवले. "झटका काही मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही घाटकोपरला उतरला नसतात, तरी तो उतरलाच असता."

याला पॅनिक अटॅक म्हणतात. हा शब्द ग्रीकांच्या पॅन नावाच्या देवावरून आला. अर्धा माणूस, अर्धा बोकड अशा या देवामुळे रानात एकाएकी, कारण नसताना, कळप उधळतो अशी त्यांची समजूत होती. आमचे काही हौशी पंडित कुरुक्षेत्रावर अर्जुनालाही पॅनिक अटॅक आला होता असे सांगतात. मला ते पटत नाही. अर्जुनाचे अंग कापले, तोंड कोरडे पडले हे खरे. पण त्याच्यासमोर आजोबा आणि गुरू उभे होते. माझ्यासमोर फक्त विक्रोळीचा फलाट होता.

वैद्यकालाही हे उमगायला वेळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांची अशीच धडधड पाहून डा कोस्टा या डॉक्टरांनी 1871 साली तिला 'चिडखोर हृदय' म्हटले. पुढे 1960 च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन यांनी अशा रुग्णांना इमिप्रामीन हे औषध देऊन पाहिले. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. परिचारिकांच्या मात्र लक्षात आले, की ही माणसे आता 'मरतो, मरतो' करीत त्यांच्याकडे धावत येत नाहीत! झटका थांबला होता, झटक्याची धास्ती शिल्लक होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यातून कळले, आणि 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संहितेत या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले.

माझी धास्तीच अधिक चिवट निघाली. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. त्याबरोबर बाई मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवीत, मुद्दाम जलद श्वास घ्यायला लावीत. चक्कर आली की विचारीत, "मेलात का?" पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा प्राध्यापक असा गरगरताना पाहून दाराबाहेर बसलेल्या सौ. ना हसू आवरत नसे. मग गाडीची पाळी आली. आधी धीमीने एक स्थानक, मग दोन, शेवटी जलद. अजूनही एखादे दिवशी विक्रोळीला छाती जरा धडधडते. मी तिला धडधडू देतो.

गेल्या जूनमध्ये द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. "सर, मला दाराजवळच बसू द्याल का?" एवढेच तिने विचारले. कारण मी विचारले नाही. ते तिच्या तळहातांवर दिसत होते. तिने घरी कोणाला सांगितले नव्हते, डॉक्टरांची फी कशी द्यायची हाही प्रश्न होताच. सरकारने 2022 साली सुरू केलेल्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मी तिला लिहून दिला, आणि सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा पत्ताही. तेथल्या डॉक्टरांनी तिला कार्यक्रम आखून दिला. आधी दाराजवळचा बाक, मग दर पंधरा दिवसांनी एक बाक आत. सहामाही परीक्षेच्या वेळी ती पाचव्या बाकावर होती.