स्वतःचा ग्लास आणा

सुट्टीचा पहिला आठवडा मी झोपून काढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या वर्षी मात्र मिरजेला गाडीतून उतरून एसटीनं घरी पोहोचलो, बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच धाकटी बहीण पुढ्यात येऊन उभी राहिली. "दादा, तुला पाटी रंगवता येते ना?"

धाकटी नऊ वर्षांची आहे. तिला आणि तिच्या चार मैत्रिणींना कॅरम बोर्ड घ्यायचा होता. घरून पैसे मागितले असते तर मिळाले नसते, म्हणून त्यांनी रविवारच्या बाजारादिवशी फाट्यावरच्या कडुनिंबाखाली लिंबू सरबत विकायचं ठरवलं होतं. इथले माझे हिंदी बोलणारे मित्र ज्याला शिकंजी म्हणतात, तेच. तिची अट एकच होती, स्टॉलवर प्लास्टिक दिसता कामा नये. शाळेत बाईंनी प्लास्टिकवर धडा घेतला होता आणि तो तिनं फारच मनावर घेतला होता.

मी म्हटलं, ठीक आहे, प्लास्टिकच्या कपांवर 2022 च्या जुलैपासून देशभर बंदीच आहे, आपण कागदी कप आणू. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन पन्नास कागदी कप घेऊन आलो. धाकटीनं त्यातला एक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी लगदा झालेला कागद बोटानं खरवडला आणि आतून निघालेला पातळ पारदर्शक पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. "हे काय आहे मग?" ते प्लास्टिकच होतं. कागदी कपात चहा गळत नाही तो याच अस्तरामुळे. दहावीतल्या कॅडेटला चौथीतल्या मुलीनं इन्स्पेक्शनमध्ये पकडलं!

बर्फाचंही तसंच झालं. काका मोटारसायकलवरून लादी आणून देतो म्हणाले. पण खाण्याचा बर्फ वेगळा आणि माल थंड ठेवण्याचा वेगळा. दुसऱ्यात आपल्या राज्यात 2018 पासून निळा रंग घालायला सांगितलेलं आहे, पण वाटेत भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आलेल्या लादीचा काय भरवसा? आजीनं माळ्यावरचे दोन माठ काढून दिले. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती जाताना आतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका माठ चांगला चालतो. आमच्या जत तालुक्यात मे महिन्यात दुसरं काही नसलं तरी कोरडी हवा भरपूर असते. पाणी आदल्या रात्री उकळून, फडक्यानं गाळून माठात भरायचं, सकाळी त्यात लिंबू, साखर, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. लिंबं परसातली. उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढतो, त्यामुळे आजीनं ती फुकट दिली नाहीत. पिळलेल्या साली परत द्यायच्या, या बोलीवर दिली. त्या सालींनी तिची तांब्या-पितळेची सगळी भांडी लखलखीत झाली.

पहिल्या रविवारी घरातले बारा स्टीलचे ग्लास नेले. दहा रुपयाला ग्लास. दुपारी दोनपर्यंत चाळीस ग्लास खपले. मुली नाचत घरी आल्या, आणि आईनं दारातच विचारलं, "दोन हंडे पाणी कुठं गेलं?"

आमच्याकडे तेव्हा टँकर तिसऱ्या दिवशी येत होता. हिशेब केला तेव्हा माझंच तोंड बंद झालं. सरबत झालं होतं आठ लिटर, आणि ग्लास विसळायला गेलं होतं जवळजवळ तीस लिटर. प्लास्टिक वाचवलं आणि पाणी उधळलं. आई म्हणाली, पुढच्या रविवारी एक हंडा मिळेल, त्यात काय करायचं ते करा.

अशा वेळी काय करायचं ते मला शाळेनं शिकवलेलं आहे, असं मला वाटलं. आपल्याकडे प्रत्येकाचा स्टीलचा मग असतो, त्यावर रोल नंबर कोरलेला असतो, ज्यानं त्यानं आपला धुवायचा. किती सोपं. मी पाटी घेतली आणि हाऊसच्या नोटीस बोर्डावर लिहितो तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'स्वतःचा ग्लास आणा. सरबत 8 रुपये.' खाली ओळ मारली. मुलींना फॉल-इन करून समजावून सांगितलं, ज्याच्याकडे ग्लास नाही त्याला सरबत नाही. तरी अडीअडचणीला असू देत म्हणून चार ग्लास टोपलीत फडक्याखाली ठेवले.

दुसऱ्या रविवारी अकराच्या सुमारास एक आबा आले. पांढरं धोतर, काखेत बाजाराची पिशवी. वरच्या वस्तीवरचे असावेत. मी वर्षातले दहा महिने बाहेर असतो, त्यामुळे गावातली निम्मी माणसं मला चेहऱ्यानंही ठाऊक नाहीत. ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, वाचता येत नसेल, म्हणून मी वाचून दाखवायला पुढे झालो. ते म्हणाले, "वाचलंय पोरा. ही पाटी समद्यास्नी हाय, का आमास्नीच?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "सगळ्यांनाच आहे आबा. ग्लास विसळायला पाणी फार जातं म्हणून."

"मग बरं हाय," म्हणाले. पिशवीतून जर्मनचा एक पेला काढला. धाकटीनं तो काठोकाठ भरला. ते कडुनिंबाच्या पलीकडे दगडावर जाऊन बसले आणि हळूहळू प्यायले. एसटीला अजून वेळ होता.

तेवढ्यात काका मोटारसायकल घेऊन आले, बरोबर त्यांचे एक मित्र. "काय कॅप्टन, आम्हाला पाजणार का नाही सरबत?" मी फडकं बाजूला केलं, दोन ग्लास काढले आणि स्वतःच्या हातानं भरून दिले. इतक्या सहज, की त्या क्षणी मनात काहीही आलं नाही. काका दहाच्या दोन नोटा देऊन गेले. मी मान वळवली तर आबा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. बघत होते, एवढंच. मग त्यांनी पेला धोतराच्या सोग्यानं पुसला, पिशवीत ठेवला आणि एसटी आल्यावर निघून गेले.

रात्री अंगणात हे आजीला सांगितलं. मी आबांचा प्रश्न गंमत म्हणून सांगितला होता, पण आजी हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आरं, फाट्यावर एक हाटेल हुतं. माजं लगीन होऊन मी आले तवा. त्याच्या भायेर वळचणीला एक फळी हुती. त्यावर कपबशा ठेवल्याल्या. त्या लोकांनी आपली आपण घ्यायची, च्या वरनं वतायचा, पिऊन झाला की आपली आपण धुऊन पुन्हा ठेवायची. काहीजण मग घरनंच पेला आणायचे."

नागरिकशास्त्रात कलम 17 आम्ही पाठ केलं आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचं कोणत्याही स्वरूपात आचरण करण्यास मनाई आहे. कलम 15 मध्ये तर दुकानं, हॉटेलं आणि विहिरी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. राज्यघटना 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आली. आजीचं लग्न 1971 सालचं. पेपरात या कलमांना मला पूर्ण गुण मिळाले होते. अंथरुणावर पडून मी ही वजाबाकी करत राहिलो. आणि दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. एकवीस वर्षांनंतरची ती फळी दुसऱ्या कुणी तरी ठेवली होती. फडक्याखालचे चार ग्लास मी ठेवले होते. आबांना मी "सगळ्यांनाच" म्हणालो होतो आणि दहा मिनिटांत ते खोटं पाडलं होतं.

धाकटीला सकाळी सगळं सांगावं की नाही, हा प्रश्न होता. मी अर्धवटच सांगितलं. पाटीमुळे एका आबांना वाईट वाटलं, एवढंच. ती म्हणाली, "मग बदल ना पाटी. त्यात काय?"

पाटी बदलणं सोपं होतं, एका हंड्यात भागवणं अवघड. त्यावर तीन दिवस डोकं घातलं. शेवटी आईनं मार्ग सांगितला, खरं तर ती रोज तेच करते. ग्लास आधी कोरड्या राखेनं आणि काथ्यानं घासायचा, मग एकामागोमाग तीन बादल्यांत बुडवायचा आणि दुरडीत उन्हात पालथा घालायचा. वाहत्या धारेखाली विसळलं की पाणी जातं, बुडवून विसळलं की पुरतं. तिसरी बादली गढूळली की ती दुसरी करायची, दुसरी पहिली, आणि पहिलीतलं पाणी कडुनिंबाला. शेजारून मागून चोवीस ग्लास जमवले. त्या रविवारी पंचेचाळीस ग्लास खपले आणि हंड्यात तांब्याभर पाणी उरलं. घासायला मी बसलो. काकांनी पुन्हा "कॅप्टन" म्हणून हाक मारली तेव्हा माझे दोन्ही हात राखेनं भरलेले होते.

नवी पाटी धाकटीनंच लिहिली, माझी अक्षरं 'रागावल्यासारखी' दिसतात म्हणून. 'लिंबू सरबत 10 रुपये. ग्लास आमच्याकडे आहेत.' दोन रुपयांची सवलत आम्ही काढून टाकली.

आबा त्या रविवारी आले नाहीत. पुढच्याही नाहीत. कुणाला तरी विचारून त्यांच्या घरी जावं असं दोनदा मनात आलं. पण जाऊन काय बोलणार, हे ठरत नव्हतं. मग सुट्टी संपली आणि मी ट्रंक भरून परत आलो. हे लिहिताना वाटतं, जायला हवं होतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी घरी फोन लावला. रांगेत माझ्यामागे सहाजण होते. धाकटीनं फोन आईच्या हातातून ओढून घेतला. पाऊस झाला, म्हणून आज शेवटचा स्टॉल लावला, कॅरम बोर्ड आला, पण स्ट्रायकर हलका आहे, अशी तिची यादी चालली होती. मध्येच म्हणाली, "आणि तुझे ते आबा आले होते."

"प्यायले का सरबत?"

"हो. दोनदा."

"कशात?"

"ग्लासात! आणखी कशात पिणार?" ती वैतागली. "ते स्वतःच धुवायला लागले होते. मी म्हटलं, आबा, ठेवा तिथं, तुम्हाला आमची बादल्यांची पद्धत माहीत नाही. दादा, स्ट्रायकर कितीला मिळतो रे तिकडे?"

मागच्यानं खांद्यावर टकटक केली. माझी वेळ संपली होती.