‘ओ. के.’ चें कूळ

आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडीं ‘ओ. के.’ हा शब्द सदैव असतो. परंतु त्याचें कूळ पुसणारे थोडेच. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं त्या काळच्या वृत्तपत्रकारांस शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें छापण्याची लहर आली होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, याचीं खरीं आद्याक्षरें ए. सी.; पण ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’नें ता. २३ मार्च १८३९ रोजीं ‘ओ. के.’ छापिलें. म्हणजे दोन्ही अक्षरें चूक, आणि अर्थ ‘सर्व बरोबर’! पुढें १८४० च्या निवडणुकींत अध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनांवाशीं तीं अक्षरें जुळलीं. व्हॅन ब्यूरन पडले, शब्द मात्र तरला. तो मूळ चोक्टॉ लोकांचा, अशीही एक समजूत होती. परंतु ॲलन वॉकर रीड यांनीं जुनीं वृत्तपत्रें धुंडाळून १९६३-६४ मध्यें त्याचें हें मूळ दाखवून दिलें.

‘समजलें’, ‘चालेल’, ‘ठीक आहे’ व ‘कबूल’ हे सारे अर्थ या दोन अक्षरांत मावतात. ऐकणारा ‘कबूल’ समजतो, बोलणाऱ्याच्या मनांत केवळ ‘ऐकलें’ असतें. म्हणून जेथें वचन द्यावयाचें, तेथें आम्हांस ‘कबूल’ हाच शब्द बरा वाटतो. तो उच्चारिला म्हणजे पाळावा लागतो.