दातिवऱ्यातली दाढ

दातिवऱ्याला पोचलो त्याच रात्री माझी डावीकडची खालची दाढ उठली. गावाच्या नावातच दात, आणि पाहुण्याची दाढ इथे येऊन दुखावी, याची आत्याला कोण गंमत! "सकाळी जाऊ सफाळ्याला डॉक्टरकडे," ती म्हणाली, "तोवर लवंग धर." लहानपणी मला वाटायचं, वैतरणा इथे समुद्राला मिळते ते एक भलंमोठं तोंड आहे. पलीकडचा ओठ अर्नाळ्याचा, अलीकडचा आमचा, आणि ओहोटीला चिखलातून वर येणारे मच्छीमारांचे खुंट म्हणजे त्याचे किडके दात. भरती आली की तोंड मिटायचं. आज भरती माझ्या जबड्यात आली होती आणि ओसरायचं नाव घेत नव्हती.

ओटीवर आत्याचा नातू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. त्याच्या खेळात 1403 साल चालू होतं. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा 2018 चा खेळ. प्रदेश बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला, आणि नायक हेन्री नावाचा लोहाराचा पोर. यात चेटूक नाही, ड्रॅगन नाही; कर्त्यांनी इतिहासाची बरीच मेहनत घेतलीय. हेन्री मळका राहिला तर बडी माणसं त्याला धड उभं करत नाहीत. मग त्याला हौदावर तोंड खंगाळावं लागतं, नाहीतर पैसे मोजून स्नानगृहात जावं लागतं. जखमा झाल्या की काढा पितो आणि टुणकन उठतो. मी गालाला हात लावून बघत होतो. त्या काढ्यासाठी मी माझी तलवार, घोडा, काय म्हणाल ते द्यायला तयार होतो.

"काका, तेव्हाची माणसं दात घासायचीच नाहीत ना?" त्याने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

हे ज्ञान त्याला खेळांनीच दिलेलं. तलवार-ढालींच्या बहुतेक खेळांत आणि सिनेमांत दातांची एक जातव्यवस्था ठरून गेलीय. खानावळीतला म्हातारा, भिकारी, चेटकीण, दरोडेखोर यांचे दात पिवळे, काळे, मध्ये फटी. राजकन्या आणि नायक मात्र कालच दवाखान्यातून दात उजळून आल्यासारखे. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये तर आपलं पात्र घडवताना चेहऱ्यावर मळ किती हवा, हेही पट्टी सरकवून ठरवता येतं. 2015 च्या 'विचर 3'चा गेराल्ट सुरुवातीलाच टबात पाय पसरून आंघोळ करताना दिसतो, आणि पुढे खेळाचे दिवस सरतील तशी त्याची दाढी वाढत जाते. दाढी वाढते, दाढ मात्र कधी दुखत नाही. बाकी काही असो, मध्ययुगाबद्दलची सगळ्यात मोठी थाप मला त्या रात्री हीच वाटली.

बाकीची थाप युरोपच्या थडग्यांनीच उघडी पाडलीय. तिथल्या मध्ययुगीन कवट्यांत कीड नंतरच्या शतकांच्या मानाने कमी सापडते. कारण साधं आहे, साखर दुर्मिळ होती. दात झिजलेले मात्र भरपूर, कारण जात्याच्या दगडाची कच पिठात उतरायची आणि भाकरीबरोबर रोज चावली जायची. माणसं लिननच्या फडक्याने दात पुसत, मीठ चोळत, सुगंधी पाला चघळत. खरे काळे दात आले ते साखरेबरोबर, आणि आधी श्रीमंतांच्या तोंडात. 1598 मध्ये पॉल हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ पाहिली, तेव्हा तिचे दात काळे असल्याची नोंद केली आणि दोष इंग्रजांच्या साखरेच्या हावेला दिला. म्हणजे जातव्यवस्था नेमकी उलटी: किडकं तोंड राणीचं, आणि खानावळीतल्या म्हाताऱ्याचे दात झिजलेले पण शाबूत.

पण हे सगळं तिकडचं. लवंग दाढेत दाबून मी समोरच्या काळोखाकडे बघत होतो, आणि माझ्या डोक्यात दुसराच खेळ सुरू झाला. तोच मधला काळ, पण जागा हीच. वैतरणेचं मुख, नाहीतर वर तारापूर-चिंचणीचा किनारा. साल 926 घेऊ. का, तर चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक त्या सालचा, शके 848 चा आहे. राष्ट्रकूटांची सत्ता, आणि संजाणचा कारभारी कोण, तर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे महंमदचं संस्कृत झालेलं नाव. त्याने दोन नद्यांवर फुकट तर चालवल्याचं आणि संजाणला अन्नछत्र घातल्याचं त्या पटात कोरलंय. जेवायला साळीचा भात, कालवण आणि तूप. एवढं जेवून माणूस काय करतो? विडा खातो.

त्याच्या दहाच वर्षं आधी, 916 च्या सुमाराला, अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या किनाऱ्यावर सैमूरला, म्हणजे चौलला, आला होता. विड्याने हिरड्या घट्ट होतात, तोंडाचा वास जातो, असं त्याने लिहिलंय. पुढे म्हणतो, दात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होतात, आणि इथल्या लहानथोर सगळ्यांना पांढऱ्या दातांची शिसारी आहे. विडा न खाणाऱ्याला ते जवळ करत नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आरशात जाऊन आ वासला होता. आज पांढऱ्या दातांसाठी माणसं हजारो रुपये मोजतात, आणि हजार वर्षांपूर्वी याच कोकणात तसं हसलो असतो तर पंगतीला शेजारी कोणी बसला नसता! मधुमतीच्या राज्यात आपला हेन्री कितीही घासूनपुसून आला असता तरी तोंड उघडताच लोकांनी ओळखलं असतं, हा कुठला तरी आडगावचा.

पान इथून लांब नाही. केळवे-माहीमच्या पानवेलींचं नाव आहे; दातिवऱ्याहून वर निघालं की अर्ध्या-पाऊण तासात ते मळे लागतात. सावलीत वाढणारी, लाडावलेली वेल. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं, त्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात विड्याला एक संवाद दिलाय. आता सुपारी कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि सुपारी-गुटख्याने जबडा आखडून दोन बोटंही आत न जाणारी तरणी पोरं मी पाहिलीत. मसूदीच्या डाळिंबावर भाळताना तेही डोळ्यांपुढून जात नाही.

विडा नंतरचा, सकाळ सुरू व्हायची ती दातणाने. माझे आजोबा, आत्याचे वडील, पहाटे करंजाची फांदी मोडून घेत. पाती एका ओढीत काढून टाकत, साल तशीच ठेवत. एक टोक मागच्या दाढांत धरून सावकाश चावायचं, लाळ सुटू द्यायची, धागे सुटे होऊन कुंचला झाला की मग घासणं. वरचे दात, खालचे दात, आतून, बाहेरून, समुद्राकडे तोंड करून. शेवटी तीच काडी उभी चिरायची, तिची धनुकली करायची आणि जीभ खरडायची. बोलायचं नाही. कोणी हाक मारली तर हुं. पूर्ण कार्यक्रम वीस मिनिटांचा, आणि त्यात त्यांचं अर्धं गाव बघून व्हायचं. पुढे मी वाग्भट वाचायला घेतला तर दातणाच्या झाडांत करंज होता. जाडी करंगळीएवढी, लांबी बारा अंगुळं, आणि अजीर्ण, ताप, खोकला असेल किंवा तोंड आलं असेल तर दातण नको, हेही. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात राहून गेला. त्यानेही दंतकाष्ठाचं माप लिहून ठेवलंय: जास्तीत जास्त बारा अंगुळं, कमीत कमी आठ. आजोबांना ना वाग्भट ठाऊक, ना चिनी भिक्षू. त्यांची काडी मात्र वीतभराहून कधी तोकडी नसायची. इंग्लंडात विल्यम अॅडिसने ब्रशचा धंदा मांडला तो 1780 च्या सुमाराला. तोवर इकडे किती करंज बोडके झाले असतील!

आजीकडचे दात काळे. तिच्या आधीच्या पिढ्यांत लग्न झालेल्या बायका दातवण लावत. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस यांची पूड दातांवर चढवली की तुरट रस आणि लोखंडाचा क्षार एकमेकांना धरतात आणि दात काळेभोर होतात. कुंकवासारखंच सौभाग्याचं लेणं, विधवेला वर्ज्य. मजा अशी की काळी शाईही याच जोडीतून होते. युरोपातले मठवासी ओकच्या गाठी आणि हिराकस घालून केलेल्या ज्या शाईने पोथ्या लिहीत, तिचीच सख्खी बहीण आमच्याकडच्या बायका ओठाआड बाळगत होत्या. आणि तिकडचं तोंडही कधी कधी रंगायचं. जर्मनीत डालहाइमच्या मठातल्या अकराव्या-बाराव्या शतकातल्या एका बाईच्या दातांवरच्या किटणात निळे कण सापडले. 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो निळा होता लाजवर्दीचा, अफगाणिस्तानातून आलेला, सोन्याच्या तोडीचा. पोथीत चित्रं रंगवताना ती कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करत असावी. तिने दात नीट घासले असते, तर ती चितारीण होती हे कुणाला कळलं असतं?

आजी स्वतः दातवण लावत नव्हती, ती मशेरीवाली. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर ठसका उठायचा. आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग डबीतून चिमूट, तर्जनी, आणि न्हाणीच्या दगडावर बसून तासभर घासणं. "ही जुनी रीत," असं ती ठासून सांगायची. कसली जुनी! तंबाखूच मुळी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. 1604-05 च्या सुमाराला असद बेगने ती विजापुरातून नेऊन अकबराला दाखवली, तेव्हा दरबारात ती अप्रूपाचीच वस्तू होती. 'स्कायरिम'च्या जुनाट जगात बटाटे आणि टोमॅटो सापडतात म्हणून मी पुतण्याला चिडवत असे. आजीच्या डबीनंतर माझं तोंड जरा बंद झालंय.

बाराच्या सुमाराला लवंग हरली. आत्या उठून आली, माझ्या पायथ्याशी बसली, आणि तिला तिच्या लहानपणची रिंगणीची धुरी आठवली. दाढेला कीड लागली की गावात एक म्हातारी यायची. लोखंडी पळी चुलीत लाल करायची. तिच्यात रिंगणीच्या वाळक्या बिया आणि तुपाचा थेंब. भक्कन धूर उठला की पपईच्या पोकळ देठातून तो दाढेवर घ्यायचा, डोक्यावर गोधडी. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी. मग परातीतल्या पाण्यात थुंकायचं. "आणि पाण्यात पांढरे पांढरे किडे! मी या डोळ्यांनी पाहिलेत," आत्या म्हणाली.

मी तिला सांगितलं नाही की मध्ययुगीन युरोपातही हेच चालायचं, तिथे खुरासानी ओव्याच्या बियांच्या धुरीने, आणि ती वनस्पतीही रिंगणीच्याच कुळातली. हेही सांगितलं नाही की उष्णतेने बी फुटून आतला पांढरा कोंब बाहेर पडतो, तोच किडा दिसतो. ती सांगत होती ते किड्यांबद्दल नव्हतंच. धुरीनंतर तिच्या आईने तिला मांडीवर निजवलं होतं आणि दाढ खरंच थांबली होती, ते ती सांगत होती. दूर खाडीच्या तोंडाशी होड्यांचे दिवे हलत होते. "रिंगणी मिळते का गं अजून?" मी विचारलं. आत्या हसली. तिच्या तोंडात आता कवळी आहे. रात्री ती पेल्यात असते, म्हणून तिचं हसू पेल्याबाहेरचं, नुसत्या हिरड्यांचं.

सकाळी सफाळ्याला दाढ काढली. बधिर करणारी सुई लागताच जग इतकं शांत झालं की मला रडू आलं. 1403 मधल्या कुठल्याही राजाला हे सुख विकत घेता आलं नसतं. डॉक्टरांनी विचारलं, हवीय का? मी कागदात गुंडाळून घेतली.

पुतण्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मुळाशी खड्डा, अंगावर चहाची तपकिरी पुटं. "काका, हजार वर्षांनी कोणाला सापडली तर काय कळेल?" मला धड बोलता येत नव्हतं, गालात बोळा होता. मी बोटाने कपाचा कान धरल्याची खूण केली.

"पडलेला दात कौलावर टाकायचा असतो, शेणाच्या गोळ्यात," आत्या आतून ओरडली. शेण शोधायला गेलं तर घरात गाय उरलेली नाही. कौलंही गेली, पडवीवर निळा पत्रा आलाय. तरी पोराने अंगणात उभं राहून नेम धरला आणि दाढ वर भिरकावली. पत्र्यावर टण्ण वाजलं. मग खडखड करत ती उतारावरून घरंगळत आली, कडेला क्षणभर थबकली आणि त्याच्याच पायाशी येऊन पडली.

"काका," तो म्हणाला, "परत टाकू?"